आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे?

एप्रिल २०१९ मध्ये चिखली येथे नऊ वर्षांच्या एका बालिकेवर झालेल्या अत्याचाराने संपूर्ण बुलडाणा जिल्हा हादरून गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये बुलडाण्याच्या विशेष न्यायालयाने त्या खटल्यात दोघा आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले आणि अनेकांना अटक झाली. असे काही घडले की बाजारात, एस. टी. स्थानकावर आणि खरे सांगायचे तर मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणातही एक वाक्य हटकून कानी पडते : ‘या नराधमांचे वकीलपत्र कोणीही घेता कामा नये.’

हा संताप आम्हांला परका नाही. परंतु हेच वाक्य जेव्हा वकिलांची संघटना ठरावाच्या रूपाने उच्चारते, तेव्हा ते संतापापुरते राहत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर साकेत न्यायालयाच्या वकिलांनी आरोपींची बाजू न घेण्याचे जाहीर केले. २०१९ च्या अखेरीस हैदराबादजवळ एका पशुवैद्यक तरुणीची हत्या झाली, तेव्हा शादनगरच्या वकिलांनीही तेच केले. तेथे तर खटला उभा राहिलाच नाही. ६ डिसेंबर रोजी चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०२२ मध्ये पोलिसांची हकीकत रचलेली असल्याचा निष्कर्ष काढला. आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भाचेच. फुले उधळणाऱ्यांपैकी किती जणांनी तो अहवाल वाचला असेल, कोण जाणे.

येथे एक भेद वाचकांनी ध्यानात घ्यावा. वकिलीची सनद देणारी बार कौन्सिल ही कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. वकील संघ ही त्या त्या न्यायालयाच्या आवारातील वकिलांची आपली संघटना. जिल्ह्याच्या ठिकाणी ती असते, तशी तालुक्याच्या न्यायालयातही असते. बसण्याची जागा, ग्रंथालय, उन्हाळ्यातील सकाळच्या न्यायालयाची वेळ, नकला मिळण्यातील विलंब, रिक्त राहिलेली न्यायाधीशांची पदे अशा अनेक विषयांवर संघाचे पदाधिकारी न्यायाधीशांशी बोलतात. न्यायालय सुरळीत चालावे यासाठी हे सहकार्य अत्यावश्यक असते आणि बव्हंशी ते गाजावाजा न होता चालते. मात्र सभासदाने कोणाचे वकीलपत्र घ्यावे आणि कोणाचे नाकारावे, हे ठरविण्याचा अधिकार संघाला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ते प्रकरण कोइम्बतूरचे होते आणि गंमत अशी की, तेथे वकिलांनी ज्यांच्यावर बहिष्कार टाकला होता ते आरोपी पोलीस होते. वकिलांचे आणि पोलिसांचे भांडण झाले, म्हणून पोलिसांची बाजू कोणी मांडू नये असा ठराव झाला. न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने असे सारे ठराव बेकायदा व शून्यवत ठरविले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क दिला आहे. आरोपी दोषी आहे असे आपले वैयक्तिक मत असले, तरी त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे बार कौन्सिलचे नियमही सांगतात. आज काय स्थिती आहे? ठराव कागदावर कमी येतात. पण ‘अलिखित’ ठरावाला न्यायालयात आव्हान तरी कसे द्यायचे?

आमचे म्हणणे एवढेच आहे की, बचावाविना चाललेला खटला पीडितेच्याही कामाचा नसतो. याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. जळगाव जामोदच्या पलीकडे सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश सुरू होतो, आणि त्या बाजूचे खंडवा हे आपल्या शेजारच्या धर्मप्रांताचे केंद्र आहे.

जानेवारी २०१३ मध्ये खंडवा जिल्ह्यात नऊ वर्षांच्या एका मुलीची अत्याचार करून हत्या झाली. एकवीस वर्षांच्या एका आदिवासी तरुणाला अटक झाली. ज्या दिवशी त्याच्यासाठी विधी सेवेचा वकील नेमला गेला, त्याच दिवशी न्यायालयाने आरोप निश्चित केले. वकिलाने कागद केव्हा वाचायचे, अशिलाला केव्हा भेटायचे? अवघ्या दोन आठवड्यांत साक्षीपुरावे आटोपून मार्चच्या आरंभी फाशीची शिक्षा झाली. त्या वेगाचे कौतुकच झाले असणार. उच्च न्यायालयाने ती कायमही केली. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सारा खटला रद्द करून पुन्हा प्रथमपासून चालविण्याचा आदेश दिला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायालयाने नेमावयाचा वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असे दंडकही घालून दिले. फेरखटल्यात २०२२ मध्ये पुन्हा फाशी झाली. उच्च न्यायालयाने तीही रद्द केली, कारण डीएनए अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाची उलटतपासणीच झालेली नव्हती. अखेरीस मार्च २०२४ मध्ये खंडव्याच्याच न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले. तोवर त्याच्या आयुष्याची अकरा वर्षे तुरुंगात गेली होती.

आणि त्या मुलीच्या आईवडिलांचे काय? अकरा वर्षे तारखांमागून तारखा गेल्या, आणि आपल्या लेकराला कोणी मारले या प्रश्नाचे उत्तर आज त्यांच्यापाशी नाही. पहिल्याच खटल्यात एका अनुभवी वकिलाने त्या अहवालावर तासभर प्रश्न विचारले असते, तर तपास तेव्हाच योग्य दिशेला वळला नसता का?

महाराष्ट्रातही असे घडले आहे. नाशिकमधील २००३ च्या एका खून-बलात्कार प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशी झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यांतील एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे पुढे निष्पन्न झाले. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. गावाबाहेर पाल ठोकून राहणाऱ्यांवर संशय सर्वांत आधी जातो, आणि वकील त्यांना सर्वांत शेवटी मिळतो. आपल्या जिल्ह्यातही पारध्यांची वस्ती आहे. यापेक्षा अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

‘मग कसाबलाही वकील द्यायचा होता काय?’ असा प्रश्न आम्हांला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारला. तो दिला गेला, हे आपल्या देशाचे भूषण आहे असे आम्ही मानतो. न्यायालयाने २००९ मध्ये प्रथम ज्या वकील बाईंची नेमणूक केली, त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे दुसरे वकील आले, खटला रीतसर चालला, मे २०१० मध्ये शिक्षा झाली आणि ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या निकालाकडे आज जगातील कोणीही बोट दाखवू शकत नाही. परंतु त्याच खटल्यातील एक गोष्ट लोक विसरतात. कसाबसोबत दोन भारतीय आरोपीही उभे होते, आणि तिन्ही न्यायालयांनी त्यांना त्या आरोपांतून मुक्त केले. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. आपल्या अशिलाची सुटका पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

अशी गाजलेली प्रकरणे विरळा. आपल्या तालुक्याच्या न्यायालयात रोज जे आरोपी उभे केले जातात ते चोरी, मारामारी, अवैध दारू, शेताच्या बांधावरून झालेला तंटा अशा गुन्ह्यांतले असतात. त्यांच्यावर कोणी बहिष्कार घातलेला नसतो. त्यांच्याकडे केवळ पैसा नसतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी तीन जण दोष सिद्ध न झालेले, म्हणजे न्यायाधीन बंदी होते. आमच्या धर्मग्रामातील एक मजूर माउली काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. ‘फादर, पोराला धरून नेलं. दोनदा कोर्टात उभा केला, पण त्याच्या वतीनं बोलाया कोणीच नव्हतं,’ असे म्हणून ती पायरीवरच बसली. सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे तिला कोणीही सांगितले नव्हते. लज्जेने नमूद करतो, आम्हांलाही त्याची पद्धत तेव्हा नीटशी ठाऊक नव्हती.

पद्धत अशी आहे. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे लागते. कोठडीत असलेल्या कोणाही व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्ती यांनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असते आणि प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. तालुक्याला समिती असते. पूर्वी हे काम खासगी वकिली करणाऱ्या पॅनेलवरील वकिलांकडे सोपविले जाई आणि मानधन तुटपुंजे असल्याने पुष्कळदा ते उरलेल्या वेळात होई. २०२२ च्या योजनेनुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालये उभी करण्यास आरंभ केला. सरकारी वकिलासारखाच हा बचावाचा वकील असून त्याला खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. प्रमुख वकिलास फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो.

या योजनेने काही वकील संघांत अस्वस्थता निर्माण झाली. राजस्थानातील भरतपूरला २०२३ मध्ये वकिलांनी काम बंद केले. नव्या कार्यालयात रुजू झालेल्या वकिलांना संघाने निलंबित केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नवोदित वकिलाची जी थोडीफार मिळकत फौजदारी कामांतून होते ती जाईल, ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जो आरोपी फी देऊच शकत नाही, तो कोणाचे अशील हिरावून नेतो? संपाविषयीही हेच म्हणता येईल. वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच सांगितले आहे. वकील कामकाजापासून अलिप्त राहिले की सधन पक्षकाराची एक फेरी वाया जाते. तुरुंगातील बंद्याला मात्र जामिनाची सुनावणी पुढे गेली म्हणून आणखी पंधरा दिवस आत काढावे लागतात.

संघ याहून पुष्कळ काही करू शकतो. ज्येष्ठांनी वर्षातून दोन-तीन गंभीर खटले विनामूल्य चालवावेत, उलटतपासणीच्या वेळी कनिष्ठांनी त्यांच्या मागे बसून शिकावे. लोकक्षोभाच्या प्रकरणात संघानेच न्यायाधीशांना भेटून एक अनुभवी नाव सुचवावे आणि त्या वकिलाच्या पाठीशी उभे राहावे. जिल्हा कारागृहाला भेट देणाऱ्या वकिलांचे वार ठरवून ते सूचनाफलकावर लावावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. येशूवर खटला चालविण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावयास नको का, असे धर्मसभेत विचारणारा निकदेम एकटाच होता आणि त्यालाही टोमणा ऐकावा लागला. एका वकिलाला ते एकट्याने जड जाते. संघ सोबत असला तर तितके जड जात नाही.

धर्मग्रामांनीही आपला वाटा उचलावा. विधी सेवेचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक चर्चच्या सूचनाफलकावर लावण्यास खर्च येत नाही. आम्ही तो लावला आहे.

त्या माउलीच्या मुलाला तिसऱ्या तारखेला विधी सेवेचा वकील मिळाला आणि महिनाभराने जामीन झाला. खटला अद्याप चालू आहे. तारखेच्या दिवशी ती मजुरी बुडवून त्याच्यासोबत न्यायालयात जाते, आणि जाण्यापूर्वी त्या वकिलांना फोन करून ते येणार आहेत ना, याची खात्री करून घेते.