हत्थाजोडी : गल्ल्यातील 'मुळी' आणि श्रावकाचा विवेक

धामणगाव बढेच्या शिवारात बांधावर वाढणारा धोतरा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच कुळातील मँड्रेक ही वनस्पती भूमध्य सागराच्या परिसरात उगवते. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने शस्त्रक्रियेपूर्वी गुंगी आणण्यासाठी तिचा उपयोग नोंदविला आहे. हा गुण तिच्यातील विषारी द्रव्यांचा होय. परंतु तिचे दुभंगलेले मूळ मनुष्याकृतीसारखे दिसते, म्हणून लोकांनी त्यात दैवी शक्ती कल्पिली. जर्मनीत ते पेटीत जपून ठेवीत. त्याजवळ ठेवलेले नाणे रात्रीतून दुप्पट होते, अशी समजूत होती. मागणी वाढली तेव्हा दुसऱ्याच वेलीची मुळे कोरून मँड्रेक म्हणून खपविली गेली.

आपल्याकडे हत्थाजोडीची कथा अशीच आहे, पण अधिक क्लेशदायक. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मीळ वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते. शेंदूर व लवंगांसह डबीत घालून ती गल्ल्यात ठेवल्यास बरकत येते, असे सांगितले जाते. २०१७ मध्ये वन्यजीव अभ्यासकांनी उघड केले की, ही मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय आहे. शेतातील उंदीर व कीटक खाऊन जगणारा हा निरुपद्रवी प्राणी त्यासाठी मारला जातो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घोरपडीस सर्वोच्च संरक्षण असून तिचे अवयव विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे.

कंदमुळातील अनंत जीवांची दया येऊन बटाटा वर्ज्य करणाऱ्या घरात, मुळी समजून पंचेंद्रिय जीवाचा अवयव पूजिला जावा, यापरते दुर्दैव कोणते? श्रावकास निषिद्ध अशा पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार, सांगितलेला आहे. विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही त्या हिंसेस कारण होतो. शिवाय लाभ हा लाभांतराय कर्माच्या क्षयोपशमाने व प्रामाणिक उद्यमाने होतो. डबीतील वस्तूने नव्हे.

अजाणता घडले त्याचे प्रायश्चित्त घेता येते. जाणूनही बाळगणे मात्र अनुमोदनाच ठरते. दिवाळीत वहीपूजनापूर्वी गल्ला स्वच्छ करताना अशी डबी हाती लागल्यास तिच्यापुढे हात जोडू नयेत. वनविभागाशी संपर्क साधून ती त्यांच्या स्वाधीन करावी. वीरप्रभूंच्या निर्वाणदिनी अभयदानाचा संकल्प हेच पेढीचे खरे मंगल होय.