टोलनाक्यावरची युक्ती द्राक्षबागेत आणा

पुणे-बंगळूर महामार्गावर आनेवाडी किंवा तासवडेच्या टोलनाक्यावर गाडी आली की काचेवरचा फास्टॅग आपला क्रमांक सांगतो आणि आडवा दांडा वर उठतो. त्या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. टॅगमधली चिप त्यांतूनच कणभर वीज घेऊन जागी होते आणि त्याच लहरी परतवून उत्तर देते. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झालेले हे तंत्र आपल्या शेतीसाठी राबवण्याचा विचार आता गांभीर्याने व्हायला हवा.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला मुळाशी ओल किती आहे, हे सतत कळायला हवे. त्यासाठीचे सेन्सर बाजारात आहेत, पण ते बहुधा बॅटरीवर चालतात. बागेत दोन-चार असले तर निभावते. ओळीओळीत बसवायचे म्हटले, तर सेल बदलायला मजूर कुठून आणायचे? आणि संपलेले सेल शेवटी बांधावरच पडणार.

फवारणीचा ट्रॅक्टर तर ओळींमधून फिरतच असतो. वेलींजवळ ओल मोजणारे बिनबॅटरीचे टॅग लावले आणि ट्रॅक्टरवर रीडर बसवला, तर जाता जाता तो प्रत्येक टॅगला वीज देईल आणि ओलीचा आकडाही घेईल. यातली खरी मेहनत टॅगच्या अँटेनाची आहे. ओली माती रेडिओलहरी शोषते, त्यामुळे अँटेना जमिनीच्या वर हवी. मात्र मांडवाच्या लोखंडी तारेला खेटून ठेवली तर तीही बिघडते.

ट्रॅक्टर पुढे गेला आणि टॅगची वीज मध्येच तुटली तर? त्यावरही उपाय आहे. २०२० मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी ऊन आणि बटणे दाबण्याचा जोर यांवर चालणारा गेमबॉय, म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, बनवला. वीज गेली की तो थांबतो, आली की खेळ सुटला तिथूनच पुढे सुरू करतो, कारण वीज नसतानाही त्याची स्मृती टिकते.

बॅटरीविना थांबत-थांबत चालणारे हे तंत्र सगळीकडे उपयोगी पडणार नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पुराच्या रात्री पातळी मोजणारे यंत्र क्षणभरही झोपून चालणार नाही. तिथे बॅटरीच हवी. मातीची ओल मात्र सावकाश बदलते. तिचा आकडा चार तास उशिरा मिळाला तरी काही बिघडत नाही.

सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांनी बागायतदारांना सोबत घेऊन निदान एका बागेत, एका हंगामापुरता हा प्रयोग करावा. कृषी विभागाने त्याचा खर्च उचलावा आणि निकाल, चांगला असो वा वाईट, शेतकऱ्यांसमोर मांडावा.