आमची मध्यावधी कुठं गेली?

2024 च्या विधानसभेच्या निकालाला 23 नोव्हेंबर 2025 ला वर्ष पूर्ण होत होतं. म्हणून त्याच्या तीन दिवस आधी बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेला जाऊन आलो. निकालाच्या दिवशी लोकांना काय वाटतं, हे सगळेच विचारतात. अंगावर गुलाल असताना किंवा हरल्याचा घाव ओला असताना माणूस जे बोलतो, ते बहुतेक त्या दिवसापुरतं असतं. तोच माणूस वर्षभरानं काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं.

कापूस वेचणीचे दिवस. ऊन वर आलं की गावात माणूस सापडत नाही, म्हणून उजाडता उजाडता पोहोचलो. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण होते. विषय मला काढावा लागला नाही. मी निवडणुकीवर लिहितो असं कळताच एकानं नुसता आकडा सांगितला, "आठशे एक्केचाळीस." बाकीच्यांनी माना हलवल्या.

बुलढाणा मतदारसंघात हा आकडा आता घराघरात पाठ आहे. संजय गायकवाड (धनुष्यबाण) यांना 91,660 मतं, जयश्री शेळके (मशाल) यांना 90,819. फरक 841. एखाद्या केंद्रावर दिवसभरात जेवढं मतदान होतं, साधारण तेवढाच. राज्यात महायुतीला 230च्या वर जागा मिळाल्या, लाट आली असं सगळीकडे छापून आलं. त्याच दिवशी, त्याच राज्यात, आपल्या मतदारसंघात पारडं एका केंद्राएवढ्या मतांनी झुकलं होतं. टपरीवरच्या बाकावर धनुष्यबाणाला मत देणारा आणि मशालीला देणारा मांडीला मांडी लावून बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्या वस्तीनं निकाल ठरवला. मला ते फार मोलाचं वाटलं. आपल्या एका मताला वजन आहे ही खात्री पटणं सोपं नसतं.

मात्र त्या खात्रीला लगेच ठेच लागली. निकालानंतर दीड महिन्यात, जानेवारी 2025 मध्ये, आमदारांनी मतदारसंघातल्या एका जाहीर कार्यक्रमात मतदारांवरच राग काढला. दोन हजार रुपये, दारू आणि मटणासाठी मतं विकली गेली, असा त्यांचा आरोप होता, आणि सोबत वापरलेले शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत. राज्यभर बातमी झाली. मतांसाठी पैसा चालतो हे गावालाही ठाऊक आहे, ते कुणी नाकारत नाही. तरी त्या बाकावरच्या एका साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याचं म्हणणं मी जसंच्या तसं टिपून घेतलं. "वाटणारा आन् घेनारा, दोघंबी दोषी. मंग शिव्या एकट्या घेनाऱ्यालेच काहून?" आणि पुढं म्हणाला, "मत देल्लं, पन जाब इचारासाठी जाचं कोठी?"

त्याचा हा दुसरा प्रश्न मला घरी येईस्तोवर सोडेना.

त्याच टपरीवर आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. त्यात अमेरिकेतल्या निवडणुकांवरचा लेख. 4 नोव्हेंबरला तिकडे न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात राज्यपाल निवडले गेले, न्यूयॉर्क शहराला जोहरान ममदानी हे नवे महापौर मिळाले, आणि तिन्ही ठिकाणी डेमोक्रॅट जिंकले. महागाईनं मतं फिरवली असा बहुतेकांचा अंदाज. खरी मध्यावधी मात्र 3 नोव्हेंबर 2026 ची.

"मध्यावधी" हा शब्द आपल्याकडे वेगळ्या अर्थानं रुळलाय. आपण मध्यावधी म्हणतो तेव्हा सरकार पडलेलं असतं किंवा सभागृह मुदतीआधी विसर्जित झालेलं असतं. 1971, 1980, 1998, 1999 या आपल्या मध्यावधी. तिकडे सरकार पडो न पडो, अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीत दोन वर्षं झाली की प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या 435 जागा, सिनेटच्या तृतीयांश जागा आणि बऱ्याच राज्यांचे राज्यपाल पुन्हा मतदारापुढं उभे राहतात. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार नोव्हेंबर 2022 च्या अशाच मध्यावधीत मिशिगनमधून निवडून आले. 2024 ला त्यांना परत मतं मागावी लागली, आणि 2026 ला पुन्हा. खासदार झाला म्हणून पाच वर्षं निश्चिंत राहण्याची सोयच तिथं नाही.

आणि तारीख कुणाच्या हातात नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. हा दिवस 1845 च्या कायद्यानं अध्यक्षांच्या निवडीसाठी ठरला आणि पुढं प्रतिनिधिगृहासाठीही तोच धरला गेला. तो ठरताना पाहिला गेला शेतकरी. नोव्हेंबरपर्यंत पीक घरात आलेलं असतं. रविवार प्रार्थनेचा, बुधवार बऱ्याच गावी बाजाराचा, आणि घोडागाडीनं तालुक्याच्या ठिकाणी पोहोचायला एक दिवस लागायचा, म्हणून मंगळवार. टपरीवर हे सांगितलं तेव्हा आठवडी बाजार पाहून मतदानाचा वार ठरवल्याची गोष्ट लोकांना एकदम पटली. 1862 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं, तेव्हाही मध्यावधी झाली आणि लिंकनच्या पक्षानं जागा गमावल्या. 1918 च्या साथीतही झाली.

अमेरिकेचं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. तिथला पैशाचा खेळ आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. पण महाराष्ट्राच्या खेड्यालाही स्वतःची एक मध्यावधी होती, तिला आपण ते नाव दिलं नाही एवढंच.

जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका आठवा. फेब्रुवारी 2012, फेब्रुवारी 2017. विधानसभेच्या 2009 आणि 2014 च्या मधली एक, 2014 आणि 2019 च्या मधली दुसरी. दोन्ही जवळपास नेमक्या मध्यावर. मुंबईतल्या सरकारची निम्मी मुदत सरली की धामणगावच्या मतदाराला एक संधी मिळायची. झेडपीचा मेंबर निवडता निवडता तो वरच्यांनाही चार गोष्टी कळवायचा. दरवेळी शिक्षाच करायचा असं नाही. 2017 चं मतदान नोटबंदीनंतर साधारण तीन महिन्यांनी झालं, तरी बुलढाणा जिल्हा परिषदेत भाजप सगळ्यात मोठा पक्ष ठरला. कौल कुणाच्या बाजूनं गेला हा प्रश्न वेगळा. विचारलं जात होतं, हे महत्त्वाचं.

2017 नंतर 2025 पर्यंत विचारलेलं नाही.

मुदत मार्च 2022 मध्ये संपली. तेव्हापासून जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक, पंचायत समितीत गटविकास अधिकारी प्रशासक. नोव्हेंबर 2025 पर्यंत पावणेचार वर्षं होत आली होती. यामागं ओबीसी आरक्षणाचा खरा आणि गंभीर प्रश्न होता. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिहेरी चाचणीची अट घातली, मग बांठिया आयोग आला, मग प्रभागरचना एका सरकारनं केली आणि दुसऱ्यानं बदलली. ओबीसींच्या जागा गेल्या असत्या तर तो मोठा अन्याय झाला असता, हे मी या सदरात आधीही लिहिलंय. पण पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, हे 73व्या घटनादुरुस्तीत स्वच्छ लिहिलेलं आहे. 6 मे 2025 ला न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं. सप्टेंबरात ती मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली. गट आणि गणांच्या आरक्षणाची सोडत 13 ऑक्टोबरला निघाली. नोव्हेंबरात आरक्षणाच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेचा वाद पुन्हा न्यायालयापुढं आला. आणि ज्या 4 नोव्हेंबरला अमेरिकेत मतदान झालं, त्याच दिवशी आपल्या राज्य निवडणूक आयोगानं नगर परिषदांच्या तारखा जाहीर केल्या. 2 डिसेंबर 2025 ला मलकापूर, बुलढाणा, नांदुरा धरून जिल्ह्यातल्या 11 नगर परिषदांत मतदान ठरलं. मलकापुरात भोंगे सुरू झाले होते. धामणगावात शांतता. खेड्यांच्या निवडणुकीला तेव्हा तारीखच नव्हती.

या रिकाम्या वर्षांत काय काय घडून गेलं, तेही पाहू. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. बुलढाण्याचे आमदार आणि पाठोपाठ खासदार प्रतापराव जाधव, दोघंही एकनाथ शिंदे यांच्याकडे गेले. ते बरोबर होतं की चूक, यावर गावात घरोघरी भांडणं झाली. सख्खे भाऊ बोलेनासे झाले. जिल्हा परिषद त्याच वर्षी झाली असती, तर लोकांनी आपलं म्हणणं मतपेटीत टाकलं असतं आणि मोकळे झाले असते. तशी संधी थेट 26 एप्रिल 2024 ला मिळाली, लोकसभेला. 2019 मध्ये जाधव 1,33,287 मतांनी जिंकले होते. 2024 मध्ये ही आघाडी 29,479 वर आली, तरी ते जिंकले. मशालीचे नरेंद्र खेडेकर दुसरे आले, आणि सोयाबीन-कापसाच्या प्रश्नावर रान उठवणाऱ्या अपक्ष रविकांत तुपकरांना 2,49,963 मतं पडली. पक्ष नाही, मोठी यंत्रणा नाही, आणि अडीच लाख माणसं. बुलढाण्याची ही सगळ्यात बोलकी प्रतिक्रिया असं माझं मत आहे. निवडून कोण आलं याच्या गदारोळात तिच्याकडे म्हणावं तसं लक्ष गेलं नाही.

त्या अडीच लाखांचं दुखणं नंतरही तिथंच राहिलं. विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनला क्विंटलमागं 6,000 रुपयांचा शब्द होता. 2025 च्या हंगामाचा हमीभाव 5,328, आणि बाजारात माल टाकला की तेवढेही हाती पडत नव्हते. तेही सप्टेंबरच्या पावसातून वाचलेल्या मालाचे. कर्जमाफीचा शब्द होता. मार्च 2025 अखेर ऐकायला मिळालं की 31 तारखेच्या आत कर्ज भरा. शेतकऱ्यांच्या नागपूरच्या आंदोलनानंतर 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ असं सरकार म्हणालं. कापसाचं तर थेट अमेरिकेशी नातं जडलंय. तिकडच्या अध्यक्षांनी आपल्या मालावर 50 टक्के कर लावला. इकडे सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं, आणि बाहेरून येणारी गाठ स्वस्त झाली. शेतात सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी घरी आणणाऱ्या बाईच्या कापसाचा भाव आता इतक्या लांब ठरतो. अमेरिकेत आयोवातला सोयाबीन उत्पादकही त्याच वर्षी रडकुंडीला आला, कारण चीननं त्याचा माल घेणं थांबवलं. फरक एवढाच की त्याला आपला राग मांडायचा दिवस माहीत आहे. तो कॅलेंडरवर खूण करून ठेवू शकतो.

बायकांशी बोलायला वेळ लागला, त्या शेताकडे निघालेल्या. लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये येतात आणि उपयोगी पडतात, हे त्यांनी आधी सांगितलं. त्यात आडपडदा नव्हता. दुकानाची उधारी त्यातून फिटते, औषधं येतात. शहरात बसून या पैशाला फुकटेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्यासोबत वेचणीला जावं. निवडणुकीत कबूल केलेल्या 2,100 चं काय झालं, हे त्यांनीच विचारलं. ई-केवायसीत अडकलेल्या दोघी होत्या. म्हणजे ज्या मतांना "ठरलेली मतं" म्हणून बाजूला ठेवलं जातं, त्या मतांमागंही हिशेब आहे, आणि तो चालू आहे.

त्यांच्यातच एक 26 वर्षांची सून होती. दोन लेकरं, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिनं लोकसभेला मत दिलंय, विधानसभेला दिलंय. झेडपीसाठी तिनं तोवर कधीच मत दिलेलं नव्हतं. 2017 ला ती 18 ची नव्हती. खेड्यापाड्यांतली तिच्या वयाची आणि तिच्याहून लहान अशी सगळी मुलं-मुली याच गटात मोडतात. शाळेची खोली, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता, पिण्याचं पाणी, तिच्या रोजच्या आयुष्यातलं बहुतेक सगळं ज्या सभागृहाकडे आहे, त्या सभागृहासाठी तिनं अजून बोटाला शाई लावलेली नव्हती. पावसाळ्यात वर्गात पाणी गळतं, तर सांगायचं कुणाला, असं तिनं मला विचारलं. पूर्वी सासरे मेंबरच्या घरी जायचे, ओट्यावर बसून राहायचे, काम झाल्याशिवाय उठायचे नाहीत. मेंबर चांगला असो की वाईट, त्याचं घर माहीत होतं.

मी तिला म्हटलं, मोताळ्याला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना अर्ज द्या, सध्या तेच प्रशासक आहेत. ती म्हणाली, एक दिवस मोताळ्याला जायचं म्हणजे वेचणीची मजुरी बुडते. "मेंबरची निवडणूक कवा हाये, भाऊ?" मी 31 जानेवारीची मुदत सांगितली. न्यायालयात काय चाललंय तेही थोडं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, ओटी बांधली, आणि बाकीच्या पुढं गेल्या होत्या म्हणून झपाझप निघाली.