कॉस्प्ले, हिजाब आणि मोबाईलवरचा गदारोळ

म्हसळ्याची मुलं शिकायला मुंबईला जातात, बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. त्यामुळे 'कॉस्प्ले' हा शब्द आपल्या मोहल्ल्यालाही आता नवा नाही. कॉमिकमधलं किंवा जपानी ॲनिमेमधलं पात्र निवडायचं, तसा पोशाख करायचा आणि मेळाव्यात मिरवायचं, एवढंच ते. पण मुलीने हिजाब ठेवून हे केलं आणि फोटो टाकला, की दोन्हीकडून मारा सुरू. चाहते म्हणतात, मूळ पात्राला हिजाब कुठे होता? आपलेच लोक म्हणतात, हिजाबचा तमाशा मांडला!

मलेशिया-इंडोनेशियातल्या मुलींनी यावर साधा तोडगा काढला. पात्राचे केस गुलाबी, तर हिजाब गुलाबी. कापडाला चुण्या घालून बटांचा आकार द्यायचा. शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या बायकांना त्यातली मेहनत लगेच कळेल.

'मूळ पात्र' हा मुद्दा तर आम्हाला अजिबात पटत नाही. मार्व्हलने 2014 मध्ये कमला खान या पाकिस्तानी-अमेरिकन मुलीला स्वतःचं कॉमिक दिलं. ही मुस्लिम नायिकाही हिजाब घालत नाही, तिची मैत्रीण नाकिया घालते. मग हिजाबवालीने काय, कायम मैत्रीणच व्हायचं?

फेब्रुवारी 2017 मध्ये जेद्दात सौदीतला पहिला कॉमिक कॉन भरला. ट्विटरवर त्याला सैतानपूजा ठरवणारा हॅशटॅग चालला. प्रत्यक्षात तीन दिवस गर्दी होती आणि नमाजच्या वेळी कार्यक्रम थांबत होता.

पण समोरची माणसं नेहमी मवाळच असतात, असंही नाही. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने हिजाब, टोपीवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. 26 जून 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. तिथे कुणी सोंग घेतलं नव्हतं, ते रोजचे कपडे होते. हिजाबवाल्या सुपरहिरोच्या फोटोवर पडणारे हजार लाईक कॉलेजच्या गेटवर कामाला येत नाहीत.

म्हणून पोरगी कापड मागायला आली, तर आधी कमेंटवाल्यांचं ऐकू नका, तिला विचारा. पात्र कोणतं, ते कथेत करतं काय, सोबत कोण जाणार? पोशाख तोकडा असेल तर बाही वाढवता येते. फोटो टाकायचा की नाही ते तिच्याशी बोलून ठरवा. टाकलाच, तर कमेंट बंद ठेवायची सोय ॲपमध्ये असते.