तसबिरीतले गुरू आणि थकलेले शिष्य

ज्युदोच्या बहुतेक दोजोंमध्ये, म्हणजे आखाड्यांमध्ये, समोरच्या भिंतीवर एका मिशाळ, शांत मुद्रेच्या गृहस्थांची तसबीर असते. सरावापूर्वी आणि सराव संपल्यावर विद्यार्थी तिच्या दिशेने वाकून नमस्कार करतात. हे गृहस्थ म्हणजे ज्युदोचे प्रवर्तक जिगोरो कानो (१८६०–१९३८). इतक्या नियमाने ज्यांचे स्मरण होते असे शिक्षक जगात थोडेच असतील. आणि तरीही कानोंच्याच देशात, १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत, शंभराहून अधिक शाळकरी मुलामुलींनी शाळेतल्या ज्युदोपायी प्राण गमावले. एवढे स्मरण आणि एवढे मृत्यू एकाच छताखाली कसे नांदू शकले? हा प्रश्न निव्वळ क्रीडाक्षेत्राचा आहे असे आम्हांला वाटत नाही. शिक्षकाची आठवण कोणत्या प्रकारे जपली जाते, तिच्यातून काय निवडले जाते आणि काय गाळले जाते, हा त्यातला खरा मुद्दा आहे. आणि तो साहित्याच्या अध्यापकांनाही टाळता येण्याजोगा नाही.

कानो हे व्यवसायाने शिक्षकच होते. तोक्यो विद्यापीठाच्या साहित्य शाखेतून ते बाहेर पडले, गाकुशुइन ह्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शिक्षक घडवणाऱ्या तोक्यो उच्च अध्यापक विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्रमुख होते. १८८२ साली एइशोजी नावाच्या मंदिरात बारा चटयांच्या जागेवर त्यांनी कोदोकान ही आपली संस्था सुरू केली. त्यापूर्वी ते जुन्या धाटणीच्या गुरूंकडे जुजुत्सु शिकले होते. त्यांचे पहिले गुरू फुकुदा हाचिनोसुके. त्यांच्याविषयीची एक आठवण कानोंनी सांगून ठेवली आहे. एका फेकीत हात कसा ठेवायचा, पाय कसा टाकायचा, असे विचारताच गुरुजींनी उत्तरादाखल त्यांना उचलून आपटले. पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. शब्दांनी समजावण्यापेक्षा हजारदा करून घेण्यावर त्या परंपरेचा विश्वास होता.

कानोंनी गुरूंचा आदर सोडला नाही. पद्धत मात्र बदलली. पाडण्याची क्रिया त्यांनी तोल ढळवणे, पवित्रा घेणे आणि फेकणे अशा टप्प्यांत मांडली, म्हणजेच ती समजावून सांगता येईल अशी केली. 'रान्दोरी' ह्या मुक्त सरावातून घातक डाव काढून टाकले. पडताना शरीर कसे सावरावे ह्या 'उकेमी'ला शिक्षणाच्या आरंभीच स्थान दिले. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी एक सूत्र ठेवले : 'सेइर्योकु झेन्यो', म्हणजे आपल्या ठायी असलेल्या शक्तीचा उत्तमात उत्तम विनियोग. त्याच्या जोडीला दुसरे सूत्र 'जिता क्योएइ', म्हणजे आपला आणि दुसऱ्याचा मिळून उत्कर्ष. पहिल्या सूत्रात शक्ती मर्यादित असते हे गृहीत आहे, कारण जे अमर्याद आहे त्याच्या विनियोगाची चिंता कोणी करत नाही. दुसऱ्या सूत्रानुसार समोरचा जोडीदार हा आपल्या प्रगतीचा भागीदार ठरतो, तेव्हा त्याला मोडून आपण पुढे जाऊ शकत नाही. अतिसरावाचा निषेध ह्या दोन सूत्रांत अध्याहृतच आहे.

कानो मवाळ होते, असे मात्र कोणी समजू नये. ऐन थंडीतल्या पहाटेचा 'कान्गेइको' आणि भर उन्हाळ्यातला 'शोचुगेइको' हे खडतर सराव कोदोकानमध्ये त्यांच्या हयातीतच रूढ झाले. पण त्यांना ठरावीक दिवसांची मुदत असे. खडतरपणा हा वर्षातला एक विशिष्ट काळ होता. पुढे अनेक ठिकाणी तो बारमाही झाला.

हे कसे घडले, ह्याचे उत्तर अंशतः आठवणींच्या वाङ्मयात सापडते. मासाहिको किमुरा हे ज्युदोच्या इतिहासातले एक दंतकथा बनलेले नाव. १९३७ ते १९३९ ह्या सलग तीन वर्षांत ते अखिल जपान विजेते होते. 'तिप्पट परिश्रम' हे त्यांचे ब्रीद. इतर तीन तास करतात तर आपण नऊ तास करावे, हा त्याचा अर्थ. पाय मागून अडवून पाडण्याचा 'ओसोतोगारी' हा त्यांचा हुकमी डाव, आणि त्यासाठी ते झाडाच्या बुंध्यावर अखंड धडका देत, ही कथा ज्युदोच्या जगात सर्वतोमुखी आहे. कथा म्हणून ती विलक्षणच आहे. पण ह्या प्रकारच्या कथांचा एक दोष असा की त्या नेहमी टिकून राहिलेल्याच्या तोंडून येतात. तेच परिश्रम करताना ज्यांचे गुडघे गेले, ज्यांची झोप गेली, जे मुकाट्याने आखाडा सोडून गेले, त्यांची आत्मकथने कोणी छापत नाही. परिणामी अपवाद हाच नियम असल्याचा भास निर्माण होतो. 'कोन्जो', म्हणजे जिद्द वा चिवटपणा, हा शब्द जपानी क्रीडाविश्वात असाच मोठा होत गेला. थकवा हे शरीराने दिलेले वर्तमान न राहता चारित्र्यातली उणीव ठरू लागला.

शाळांमधल्या मृत्यूंची आकडेवारी नागोया विद्यापीठातले अभ्यासक र्यो उचिदा ह्यांनी एकत्र मांडली, तेव्हा त्यात एक आकृतिबंध दिसला. मरण पावलेल्यांत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांतले पहिल्या वर्षाचे, म्हणजे नवशिके विद्यार्थी विशेष होते. डोक्याच्या दुखापतीचे प्रमाण मोठे होते, आणि ओसोतोगारी हा डाव त्यांत वारंवार आढळत होता. कवटीच्या आत, मेंदूच्या पृष्ठभागावरून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा असतात. डोके जोराने हिसडले गेले की त्या फाटून रक्तस्राव होऊ शकतो, डोके जमिनीवर आपटले नाही तरीही. मान ताठ ठेवणे, हनुवटी छातीशी आणणे, हात वेळेवर चटईवर मारणे ही उकेमीची कृती अशा वेळी रक्षण करते. पण ती ताज्यातवान्या शरीराकडून जितकी अचूक होते तितकी दमलेल्या शरीराकडून होत नाही. डोके दुखत असल्याची तक्रार सबब मानून विद्यार्थ्याला पुन्हा चटईवर उभे केले, तर दुसरा हिसडा प्राणघातक ठरू शकतो.

ह्याहून संथ असा दुसरा धोकाही असतो. क्रीडावैद्यकातल्या युरोपीय व अमेरिकी संस्थांनी २०१३ साली अतिसरावाविषयी संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यात थोडक्या विश्रांतीने भरून येणारा ताण आणि महिनोन्महिने न भरून येणारा ताण असा भेद केला आहे. सराव वाढूनही कामगिरी घसरते, झोप बिघडते, मन खिन्न होते, वरचेवर आजारपण येते. ह्या अवस्थेची एकच एक खात्रीची चाचणी नाही. इतर कारणे बाजूला सारत सारत निदानापर्यंत जावे लागते. अशा वेळी शिष्याला रोज जवळून पाहणारी नजर, अर्थात शिक्षकाची नजर, बहुमोल ठरते. पण कामगिरी घसरलेली दिसताच 'कमी पडतोस, आणखी कर' असे म्हणणारा शिक्षक रोगालाच औषध म्हणून पाजत असतो.

जपानने ह्याची दखल उशिरा का होईना, घेतली. २०१० साली ज्युदोतील अपघातग्रस्तांच्या कुटुंबीयांनी आपली संघटना उभारली. २०१३ च्या आरंभी राष्ट्रीय पातळीवरच्या पंधरा महिला ज्युदोपटूंची तक्रार उजेडात आली : मारहाण, अपमान, दुखापत असतानाही स्पर्धेत उतरण्याची सक्ती. मुख्य प्रशिक्षकांना पद सोडावे लागले. २०२२ साली अखिल जपान ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याचा हव्यास लहान मुलांच्या मुळावर येत होता. त्यांना वजन घटवायला लावले जात होते. कानोंच्या सूत्रांकडे परतण्याची भाषा ह्या निमित्ताने पुन्हा ऐकू आली.

आपल्या परंपरेतही हे शहाणपण होते. व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंतच करावा, असे आयुर्वेद सांगतो. अतिव्यायामाने होणारे तहान, क्षय, दमा, ताप आदी विकार वाग्भटाने मोजून दिले आहेत आणि त्यासाठी हत्तीला ओढू पाहणाऱ्या, त्यातच नाश पावणाऱ्या सिंहाचा दृष्टान्त योजला आहे. तो सिंह दुबळा नाही, हे त्या दृष्टान्ताचे मर्म. अतिरेकाचा धोका समर्थालाच अधिक असतो. तरीही 'अति तेथे माती' ही म्हण आपण खाण्यापिण्याला लावतो, परिश्रमाला लावत नाही. परिश्रमासाठी 'प्रयत्नांती परमेश्वर' राखून ठेवलेले असते.

कष्टांवाचून कला नाही, हा आक्षेप आम्ही मान्य करतो. तालीम असो, गाण्याचा रियाज असो की प्रबंधलेखन, सायासाला पर्याय नाही. परंतु शरीर बळकट होते ते श्रमानंतरच्या विश्रांतीत, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा विश्रांती हा सरावाचाच भाग ठरतो. तो शिकवणे हे शिक्षकाचे काम आहे, कारण उत्साही शिष्याला थांबणे आपणहून सुचत नाही.

आपल्याकडे गुरूंवर गौरवग्रंथ निघतात, स्मृतिलेख लिहिले जातात. त्यांत गुरूच्या कठोरपणाचे किस्से हमखास असतात : पहाटे उठवले, उपाशी बसवले, चुकल्यावर हात उगारला. लिहिणारे पुढे नावारूपाला आलेले असल्याने ह्या किश्शांना कृतज्ञतेचा गोडवा चढतो आणि वाचणारा तरुण शिक्षक त्यांतून आपली रीत ठरवतो. म्हणून स्मृतिलेख लिहिणाऱ्यांकडे आमचे एक मागणे आहे. गुरूने कोणाला किती राबवले ह्यासोबत, त्याने कोणाला 'आज पुरे, घरी जा' असे कधी सांगितले, हेही नोंदवावे. आणि अर्ध्यातून निघून गेलेल्या एखाद्या तरी शिष्याला त्या ग्रंथात चार पाने द्यावीत. जपानमधल्या त्या कुटुंबीयांच्या संघटनेने असेच, वगळलेल्यांचे स्मरण मांडले, आणि त्यामुळेच ज्युदोचे शिक्षक भिंतीवरच्या तसबिरीकडे नव्याने पाहू लागले.