मॉडेलच्या आधी प्रयोगवही मागा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ऊर्जा आणि गती या विषयांवरची मॉडेल्स बहुधा ठरलेलीच असतात. थर्माकोलचे धरण, एलईडी पेटवणारी पवनचक्की, सिरिंजांवर हलणारा जेसीबी. रंगकाम उत्तम, तक्ते सुबक. शेजारी उभे राहून सातवीतले मूल पाठ केलेली माहिती घडाघडा सांगते. पण ‘एक सिरिंज जाड घेतली तर जेसीबीचा हात कमी उचलला जाईल की जास्त?’ असे विचारले की ते सरांकडे बघते. यात दोष मुलाचा नाही. तसे करून बघायला त्याला कुणी सांगितलेलेच नसते. मॉडेल तयार किटमधून आलेले असते, नाहीतर आईबाबांनी रात्री जागून चिकटवलेले.

सहावी ते आठवीच्या प्रकल्पाची सुरुवात मोजता येईल अशा प्रश्नापासून व्हायला हवी. मॉडेल नंतर.

उदाहरणार्थ, जास्त उंचीवरून सोडलेल्या गोटीचा धक्का किती वाढतो? हे मोजायला लागते ती वायरिंगची केसिंग पट्टी, एक गोटी, रिकामी काड्यापेटी आणि फूटपट्टी. केसिंगचे एक टोक पुस्तकांच्या चळतीवर टेकवायचे, उतार तोच ठेवायचा आणि गोटी ५, १० आणि २० सेंटिमीटर उंचीवरून सोडायची. खाली ठेवलेली काड्यापेटी प्रत्येक वेळी किती सरकली, ते लिहायचे. उंची दुप्पट केली की पेटी साधारण दुप्पट सरकते, कारण गोटीची स्थितिज ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते. गोटीचा वेग मात्र दुप्पट होत नाही. तो दुप्पट करायला उंची चौपट लागते आणि पेटीही चौपट लांब जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या दुचाकीला ब्रेक दाबल्यानंतर थांबायला ३० च्या वेगाच्या दुचाकीपेक्षा चौपट अंतर लागते, त्यामागे हेच कारण आहे. काही वर्षांत ज्यांच्या हाती स्कूटरची किल्ली येणार, त्या मुलांना हे स्वतःच्या मोजमापातून कळलेले असावे.

पहिल्या फेरीचे आकडे क्वचितच नीट येतात. गोटी कडेला घासते, पेटी तिरकी जाते, फरशीवर धूळ असते. मग फरशी पुसायची, प्रत्येक उंचीवरून पाच वेळा गोटी सोडायची, सरासरी काढायची. प्रकल्पाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि तयार किटमध्ये नेमका तोच नसतो.

असे शिकवणे आपल्याकडे घडलेले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीच्या विज्ञानाचा असा कार्यक्रम सुरू झाला. मुले गटाने प्रयोग करत, निरीक्षणांवर वर्गात वाद घालत. परीक्षेला पुस्तक नेण्याची मुभा होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून विज्ञानाची खेळणी घडवू लागले. पुढे पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हे काम वाढवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र सरकारने २००२ मध्ये बंद केला. तो निर्णय चुकीचाच होता.

गुप्तांनी घरोघरी पोहोचवलेली साधी मोटर आजही वर्गात करण्याजोगी आहे: एक सेल, दोन सेफ्टीपिना, एक चुंबक आणि एनामल लावलेल्या तांब्याच्या तारेची गुंडाळी. तारेच्या दोन्ही टोकांवरचे एनामल पूर्ण खरवडले, तर गुंडाळी डुलते आणि थांबते. एका टोकाच्या एका बाजूचे तसेच ठेवले, तर ती फिरत राहते, कारण अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि उलटा रेटा बसत नाही. जिची मोटर पहिल्यांदा बंद पडली, त्या मुलीला हे कारण शोधावे लागते. तिला त्या बंद पडलेल्या मोटरच्या नोंदीचेही गुण मिळायला हवेत.

शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्गात मुले जास्त, तास छोटा, अभ्यासक्रम अपुरा राहण्याची धास्ती. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवडलेल्या शाळेला प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळते. ते स्वागतार्हच, पण लॅब येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोरा आणि खडा प्रत्येक बाकावर पोहोचू शकतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचे एक आंदोलन सुमारे एका सेकंदात होते, एक मीटर लांबीच्या लंबकाचे दोन सेकंदांत. खडा जड केला तर काय होईल, हे मुलांना आधी विचारावे आणि मग मोजू द्यावे. एका तासात हे सहज होते.

यंदाच्या प्रदर्शनांत परीक्षकांनी मॉडेलकडे वळण्याआधी प्रयोगवही मागावी आणि निम्मे गुण नोंदींसाठी, त्यातही फसलेल्या फेऱ्यांच्या नोंदींसाठी राखावेत. शिक्षण विभागाने तसे लेखी कळवावे. आणि पालकांनो, कात्री आणि गोंद मुलांच्या हाती द्या; मॉडेल वेडेवाकडे झाले तरी चालेल.