मिरविलेला वारसा आणि जगलेला वारसा

आमच्या विठ्ठलवाडी स्थानकाबाहेर रोज सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन काही बायका बसतात. कर्जत-बदलापूरकडून गाडीने येणाऱ्या या बायकांतल्या वयस्क बायका अजूनही नऊवारी लुगडेच नेसतात. डोक्यावर पाटी घेऊन जिना चढताना कासोटा सोयीचा पडतो, एवढेच त्याचे प्रयोजन. गेल्या पाडव्याला त्यांतल्याच एका आजीबाईंना आमच्या वसाहतीच्या फाटकावर अडविण्यात आले. फेरीवाल्यांना आत मज्जाव असा वसाहतीचा नियम आहे. नेमक्या त्याच वेळी आमच्या लेकीसुना भाड्याने आणलेल्या शिवलेल्या नऊवारी घालून, नथ आणि फेटा लेवून नववर्ष स्वागतयात्रेला निघाल्या होत्या. त्यांच्या छायाचित्रासाठी फाटक सताड उघडण्यात आले. दोघींच्या अंगावर एकच परंपरा, मग एकीला वाट आणि दुसरीला अटकाव का?

स्वागतयात्रेशी माझे भांडण नाही. १९९९ साली डोंबिवलीत सुरू झालेली ही प्रथा गावोगाव पसरली. माणसे घराबाहेर पडून एकत्र येतात यात वाईट काहीच नाही. मुलींनी हौसेने नटावे, यालाही माझी हरकत नाही. माझे भांडण आहे ते या नटण्याला ‘वारसा जपणे’ म्हणण्याशी. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले होते की, सधन वर्ग पुष्कळ वस्तू उपयोगासाठी नव्हे, तर प्रतिष्ठेच्या प्रदर्शनासाठी वापरतो. कष्टाचा वेष कष्टातून सुटला की तोच प्रदर्शनाची वस्तू बनतो आणि ज्यांचे कष्ट अद्याप सुटलेले नाहीत, त्यांच्या अंगावर मात्र तो मागासलेपणाची खूण ठरतो.

माझी आई जन्मभर नऊवारी नेसली. लुगडे विरले की ते धुऊन, उसवून त्याची गोधडी होई आणि गोधडीही जीर्ण झाली की तिचे पोतेरे. वस्त्र वाया घालवायचे नाही, कारण त्यामागे कुणाचे तरी हात राबले आहेत, ही तिची शिकवण. माझ्या पत्नीने नोकरीसाठी पाचवारी पत्करली. पण ती शिकवण सोडली नाही. आता मला सांगा, वारसा कोणी चालविला? पाचवारी नेसून ती शिकवण पाळणाऱ्या सुनेने, की एका दिवसाच्या भाड्याच्या वेषाने?

शिवाय, वारसा म्हणजे सारे सोनेच असते असेही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उपदेश केला होता की, ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते, ते टाकून द्या. त्या काळी लुगडे कसे नेसावे यावर जातीचा पहारा होता. ज्या पूर्वज स्त्रियांनी तो पहारा झुगारला, त्यांच्या नाती-पणतींना तो नकार हाच खरा वारसा आहे. ‘पारंपरिक वेषभूषा’ या गोंडस शब्दात हा इतिहास बेमालूम पुसला जातो.

काही मित्र म्हणतील, फॅशनमुळे कारागिराला काम तर मिळते! आक्षेप रास्त आहे. पण त्याचा हिशेब करू या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच वहाणा मूळचा उल्लेख न करता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्राची अस्मिता खवळून उठली. पुढे कंपनीने उगम मान्य केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड काढण्याचे जाहीर झाले. ठीक आहे. पण ही कला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जगविली, त्यांना याच समाजाने चामड्याला हात लावतात म्हणून वेशीवर ठेवले होते. मिलानने नाव घेतले नाही म्हणून चिडलेल्या आपण तरी आपल्या पायातील वहाणेच्या कर्त्याचे नाव कधी विचारले? ८०० युरोंपैकी त्याच्या हाती किती पडणार, हा प्रश्न अस्मितेच्या गदारोळात किती जणांनी विचारला?

कार्यकर्त्यांनी सणात नटणाऱ्या मुलींची टिंगल करू नये. तो कोरडा सोवळेपणा होईल. त्यांना एवढेच विचारावे की, हे वस्त्र कोणी विणले, कोणी शिवले, त्याला काय मजुरी मिळाली आणि रोज ते नेसणाऱ्या बाईला आपण कसे वागवतो? या प्रश्नांना भिडणे म्हणजेच वारसा जगणे.

पुढच्या पाडव्यापूर्वी वसाहतीच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. भाजीवाल्या आजीबाईंना फाटकाच्या आत, सावलीत बसायला जागा द्यावी. ठराव फेटाळला गेला, तर निदान त्या दिवशी परंपरेचा जयघोष तरी कोणी करू नये.